नदीत उतरून घ्यायचं नाव

जाफराबाद,
कार्तिक शुद्ध ८, शके १८५७

चि. मच्छिंद्र यास तुळजाआक्काचा आशीर्वाद.

भाऊबीजेला तुला ओवाळलं तवा तू दिव्याकडं बघायचं सोडून भिंतीकडं बघत होतास. मला आधी वाटलं, पाटलांचा हा काहीतरी नवा थाट असंल. पण दिवाळीचे चार दिवस हसनाबादला तुझ्या घरी राहिले आणि सगळं डोळ्यांनी बघितलं. झोप न्हाई, जेवण न्हाई, शेतात पाऊल न्हाई. दिवसभर गोठ्यात बसायचं आणि गडी दिसला की त्याच्यावर खेकसायचं. बैलसुद्धा तुला बघून मान फिरवून राह्यलेत, बाबा.

तुझी लेक जाऊन सव्वा वरस झालं. तिचं नाव घरात कोणी घ्यायचं न्हाई असा तू हुकूम काढलास. वा रे हुकूम! खुद्द निजामाला असा सुचला नसता. तुझ्या हुकमाचा मान राखून मी पण पत्रात 'ती' म्हणूनच लिहिते. पण नाव दाबून तुझं काय बरं झालं ते एकदा सांग. जालन्याच्या हकिमाच्या बाटल्या फळीवर मांडल्यात, त्यांतली एक तरी पोटात गेली का?

आता माझं ऐक. राजूरच्या गणपतीला पाच चतुर्थ्या पायी जा. गाडीनं न्हाई, घोड्यावर न्हाई, पायी. आमच्या शेजारच्या सोनाराची सून बाळंतपणात डोक्यानं गेल्ती, कोणाला ओळखत नव्हती. चालून चालून माणसात आली. तुमच्याच गावची गोजरबाई दर वद्य चतुर्थीला पंधरा-वीस माणसं घेऊन निघती म्हणे. तिच्या मागं लाग. लाजायचं असंल तर तोंडावर उपरणं घे.

कळावे. तुझी आक्का.


हसनाबाद,
कार्तिक शुद्ध १२

ति. आक्काच्या चरणी मच्छिंद्रचा दंडवत.

पत्र वाचलं. सव्वा वरसात मला हसू आलं न्हाई ते तुझ्या पत्रानं आलं.

गोधड्या शिवणारी गोजरबाई माझी वैद्य झाली का आता? तिच्या मागं कोण चालतं ते तुला ठाऊक न्हाई, मी ओट्यावर बसून दर महिन्याला बघतो. सासूला कंटाळलेल्या सुना, सुनांना कंटाळलेल्या सासवा, आणि घरात चिलीम ओढू देत न्हाईत म्हणून निघालेले चार म्हातारे. सोबत गूळ-शेंगदाण्याची गाठोडी. चार कोस जायचं, चार कोस यायचं, तोंड बंद ठेवायचं न्हाई. त्याला तू औषध म्हणतीस!

आपले आबा राजूरला गेले ते छकड्यातून, बैलांच्या गळ्यात घुंगरं बांधून. आणि मी माझ्याच सालगड्यांच्या देखत अनवाणी जाऊ? उद्या माझा शब्द गावात कोण मानंल? आणि मला झालंय तरी काय? झोप काय, वय झालं की कमी लागती. मी अडतीस वर्षांचा झालो.

पण तू गप्प बसणार न्हाईस. म्हणून गोजरबाईला बोलावून विचारलं. ती म्हणाली, ज्याला जमत न्हाई त्याच्या नावानं घरचं माणूस चाललं तरी चालतं. वाटेत नदी लागती, तिथं गुडघाभर पाण्यात उतरून, ज्याच्यासाठी चालायचं त्याचं नाव सगळ्यांच्या देखत मोठ्यानं घ्यायचं. तिच्या ताफ्याचा तसा कायदाच हाय. बास. मी चतुराला सांगून टाकलंय. बायको म्हणून माझ्या नावानं तीच पाच चतुर्थ्या करील. तसंही घरात बसून ती काय करती? कोपऱ्यात मुकी बसून असती.

दाजींना नमस्कार. मच्छिंद्र.


जाफराबाद,
कार्तिक पौर्णिमा

चि. मच्छिंद्र यास आशीर्वाद.

तू जाणार न्हाईस हे मला ठाऊकच होतं. पाटलाच्या तळव्याला धूळ लागली तर सरकारचा महसूल बुडंल न्हाई का! बरं, बायको तर बायको. नवऱ्याच्या नावानं तिनं चालावं यात वावगं काही न्हाई. चतुराला माझा निरोप दे: नाव मोठ्यानं घे म्हणावं, पुटपुटू नको. तिचा आवाज मुळात बारीक, त्यात ती लाजाळू. देवाच्या कानापर्यंत गेलं पाहिजे.

तिच्या पायात काटा गेला तर बिब्बा घाल. तेवढं तरी तुझ्या हातनं होऊ दे.

आक्का.


हसनाबाद,
मार्गशीर्ष वद्य ६

ति. आक्काच्या चरणी दंडवत.

तुझ्या औषधाचा गुण ऐक. दोन चतुर्थ्या झाल्या.

पहिल्या वेळी चतुरा सांजच्याला लंगडत आली. दोन्ही टाचांना फोड. मी मनात म्हणलं, घ्या, आता घरात दोन आजारी. चंद्र उगवल्यावर उपास सोडायला बसली तर अडीच भाकऱ्या खाल्ल्या. अडीच! मंग गोधडीवर पडली ती कोंबडं आरवून गेलं तरी उठली न्हाई. मी आपला आढ्याचे वासे मोजत पडलो होतो.

दुसऱ्या वेळी फोड न्हाईत. उलट येताना पदरात बोरं घेऊन आली. आता जात्यावर बसली की गुणगुणून राह्यली. शेजारच्या रहमतुल्ला मास्तरांची बायको इमामबी आली की दोघी भिंतीशी बसून हसतात. मी आलो की गप्प. माझ्या नावानं चालायला गेलेली बाई, आणि तोंडावर तेज कोणाच्या आलं? मला तर असं झालंय की पथ्य मी पाळायचं आणि ताकद तिला यायची. अशी कसली गं तुझी दवा?

मला काडीचा फरक न्हाई. जेवण तर मातीसारखं लागून राह्यलंय. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटतं. परवा मळ्यात विहिरीच्या काठावर बसलो होतो. दुपार झाली, गडी जेवून परत आले, तरी उठावंसं वाटेना. खालचं पाणी बघत बसलो. रामराव गड्यानं हात धरून उठवलं. बावळट! मी काय लहान लेकरू हाय?

बाकी ठीक. मच्छिंद्र.


जाफराबाद,
मार्गशीर्ष वद्य ११

मच्छिंद्रा,

नमस्कार-आशीर्वाद राहू दे बाजूला. विहिरीचं वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. रामराव बावळट न्हाई. तुझ्या घरात शहाणा असा तो एकच दिसतो. त्याला माझ्याकडून नवं धोतर घेऊन दे. आणि तू एकटा मळ्यात जायचं न्हाई. शपथ हाय तुला आबांची. मला एकच भाऊ हाय रे.

तुझे दाजी म्हणतात, मी त्याला घेऊन येतो इकडं. पण तू येशील तर ना! तू तर ओट्यावर बसून दुसऱ्यांना हसणार.

मला एक शंका येऊन राह्यली. देवाचं चुकत न्हाई, माणसाचं चुकतं. चतुरा नाव बराबर घेती का? का पाण्यात उतरून लाजून गप्प बसती? गोजरबाईला विचार. चतुराला न्हाई, गोजरबाईला.

जल्दी उत्तर पाठव. मला चैन न्हाई.

आक्का.


हसनाबाद,
पौष वद्य ७

ति. आक्का,

तुझी शंका खरी निघाली. आता ऐक तुझ्या गरीब, लाजाळू भावजयीचे प्रताप.

तीन दिवसांखाली तिसरी चतुर्थी झाली. दुसऱ्या दिवशी गोजरबाईला ओट्यासमोर उभं केलं. विचारलं, माझी बायको नदीत नाव घेती का? म्हणाली, घेती की, असं घेती की पलीकडच्या काठावरचे बगळे उडतात. मी म्हणलं, माझं नाव? तर ती म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. 'तुमचं? तुमचं नाव तर मी एकदाबी ऐकलं न्हाई, पाटील. ज्याचं घेती त्याचं तुमीच घरी विचारा.' आणि गोधडी काखेत मारून चालू लागली. माझ्यासमोर!

घरी विचारलं. चतुरा खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. म्हणजे तीन महिने मी उपाशी देवाची वाट बघतोय, आणि ही माझी चतुर्थी दुसऱ्याच्याच पदरात टाकून येती! चोरी न्हाई तर काय ही? घरात चोरी, ती पण देवाच्या वाटंवर. मी तिला सांगून टाकलं, पुढची चतुर्थी बंद. उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा न्हाई.

आता मला बरं वाटलं न्हाई तर खापर तिच्या माथ्यावर. तूच निवाडा कर.

मच्छिंद्र.


हसनाबाद,
पौष वद्य १०

आक्कांच्या पायावर चतुराचं डोकं.

मला लिहिता येत न्हाई. शेजारचे रहमतुल्ला मास्तर लिहून देऊन राह्यले. इमामबी जवळ बसली हाय. मास्तर म्हणतात, जे सांगशील तेच लिहीन, माझ्या पदरचं एक अक्षर घालणार न्हाई.

मी चोरी केली. न्हाई म्हणत न्हाई.

पहिल्या वेळी मी त्यांचंच नाव घ्यायला गेल्ते. देवाशपथ. पाण्यात उतरले. गोजरबाई म्हणाली, घे पोरी नाव. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, सोनू. मला कळलं पण न्हाई. आक्का, सव्वा वरसात मी ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. घरात काढायचं न्हाई म्हणून दळताना दात दाबून बसायची. तिचं परकर-पोलकं ह्यांनी दुसऱ्याच दिवशी देऊन टाकलं, खेळायची ठिकरी पण आडात टाकली. कधी कधी मला वाटायचं, मला लेक झालीच नव्हती, मीच काहीतरी धरून बसले. आणि तिथं पाण्यात वीस माणसांनी ते नाव ऐकलं. गोजरबाई म्हणाली, 'कितवं वरीस होतं गं?' मी म्हणलं, सातवं. मंग राजूर येईपर्यंत ती विचारत होती आणि मी सांगत होते. कशी बोलायची, काय खायची, भोवरा फिरवायची पोरासारखी. चार कोस कधी संपले कळलं न्हाई. रडत चालले, पण चालले.

त्या दिवशी मला झोप लागली. हे म्हणतात तशीच लागली. ह्यांना झोप न्हाई म्हणून हकीम आला, तुमचं पत्र आलं, सगळं गाव विचारून गेलं. आक्का, मला पण झोप न्हाई हे कोणी विचारलं न्हाई. तुम्ही दिवाळीला चार दिवस होतात. तुम्ही पण न्हाई विचारलं. राग म्हणून सांगत न्हाई. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, एवढंच.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मी जाणून तेच नाव घेतलं. ह्यांना बरं वाटावं हे मला वाटत न्हाई का? ते विहिरीवर बसतात तवा माझा जीव तिळतिळ तुटतो. रामरावला त्यांच्या मागं मीच पाठवते. पण मला घरात एकच माणूस वाचवता येत होतं आणि आधी मीच बुडून राह्यले होते.

ती कशी गेली, त्या दिवशी काय झालं, ते मी तुम्हाला सांगणार न्हाई. ते त्यांचं हाय. त्यांनीच सांगावं.

आता चतुर्थी बंद केली. मी मोडणार न्हाई त्यांचा शब्द. पण त्यांना एवढं सांगा की परत मुकी झाले तर ह्या वेळी बोलती होणार न्हाई.

चतुरा. लिहिणार रहमतुल्ला. जसं सांगितलं तसं लिहिलं.


जाफराबाद,
माघ शुद्ध २

मच्छिंद्र पाटलांस तुळजाबाईचा रामराम.

निवाडा मागितलास ना? घे.

चतुरानं तुझी चतुर्थी चोरली म्हणतोस. तू तिची लेक चोरलीस. लेक मेली ती देवानं नेली, पण तिचं नाव, तिचं परकर-पोलकं, तिची ठिकरी हे सगळं कोणी नेलं? तू. दुःख जणू तुला एकट्याला पाटीलकीसोबत वतनात मिळालंय, बाकीच्यांनी हात लावायचा न्हाई! आई कोपऱ्यात मुकी बसली तर तू मला लिहितोस, 'तसंही घरात बसून ती काय करती?' हे वाक्य मी परत वाचलं आणि माझ्या भावाची मला लाज वाटली.

माझी पण वाटली. मी त्या घरात चार दिवस बसून पुरणपोळ्या खाल्ल्या, तुझ्या झोपेची चौकशी केली आणि तिला म्हणाले, चतुरा, भाताला मीठ कमी पडलंय. वरून तू बायकोला पाठवतो म्हणालास, त्यालाही मान डोलावली. एवढी मी शहाणी! अरे, फोड तिला आले, भूक तिला लागली, झोप तिला आली. यात चमत्कार काय? जी चालली तिला आली. तू ओट्यावर बसून दुसऱ्याच्या पायांनी बरा व्हायला निघालास आणि मी बहीण असून तुला होय म्हणाले. दोघांना एकाच खुंटीला टांगायला पाहिजे.

आता हे शेवटचं सांगते. माघ वद्य चतुर्थीला तू चालायचंस. चतुराला अडवायचं न्हाई, तिच्या मागं चालायचं. उपरणं तोंडावर घ्यायचं न्हाई. गाव हसंल. हसू दे. तू इतकी वर्षं गावाला हसलास, त्यांनाही एक दिवस मिळू दे.

आणि नदीत उतरशील तवा तोंड उघड. कोणाचं नाव घ्यायचं ते मी सांगत न्हाई. न्हाई घेतलंस तर मला आक्का म्हणू नको. मी रागात लिहीत न्हाई, भिऊन लिहिते. ती विहीर माझ्या डोळ्यांपुढून जात न्हाई रे बाबा.

आक्का.


हसनाबाद,
माघ वद्य ५

ति. आक्काच्या चरणी दंडवत.

काल गेलो.

आधी तक्रारी ऐक. तुझ्या राजूरची वाट म्हणजे निव्वळ काटे. गोजरबाई सत्तर वर्षांची असून घोड्यासारखी चालती, आणि तिच्या मागं चालताना धूळ सगळी आपल्या तोंडात. वेशीपाशी बद्रीनाथ वाणी दुकानातून उठून बाहेर आला, मला बघायला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, 'पाटील, बैल मेले का?' मी पाय उचलला. चतुरा पुढं चालत होती. तिनं एकदा पण मागं बघितलं न्हाई.

नदी आली. पाणी माघाचं, हाडात शिरणारं. एकेक जण नाव घेऊन पलीकडं गेला. चतुरा गेली. तिनं घेतलं, मोठ्यानं, म्हातारी म्हणाली होती तसंच. मी पाण्यात उभा. सगळे त्या काठावर थांबले. मी ठरवून गेल्तो की आपलं स्वतःचं नाव घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. पण तोंड उघडंना. गोजरबाई ओरडली, 'पाटील, लौकर बोला, माणसं गारठून राह्यली!'

मी घेतलं. मोठ्यानं घेतलं. मंग पाण्यात खाली बसलो. पोहता येणारा माणूस मी, गुडघाभर पाण्यात मला उठता येईना. चतुरा परत पाण्यात आली आणि तिनं उठवलं. वीस माणसांसमोर पाटील लेकरासारखा रडला, हे बद्रीनाथपर्यंत आता पोचलंच असंल.

पलीकडं गेल्यावर गोजरबाईनं मला पण विचारलं, काय झालं होतं पोरीला? मी सांगितलं. तुला कधी सांगितलं न्हाई ते सांगितलं. तुला मी लिहिलं होतं, ताप मोठा होता, दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला न्हाई. खोटं हाय ते. भादव्यात मूग तोडणीला आले होते, गाडी मुगाला लागली होती. चतुरा सकाळी म्हणाली, गाडी जुंपा, जालन्याला नेऊ. दुपारी परत म्हणाली. सांजेला पाया पडली. मी म्हणलं, आभाळ आलंय, मूग भिजंल, उद्या जुंपू. सकाळी गाडी रिकामी झाली तवा न्यायला कोणी नव्हतं. मूग मात्र कोरडा राहिला. म्हणून मी नाव बंद केलं, आक्का. तिचं नाव कोणी घेतलं की मला 'उद्या' ऐकू यायचं.

चतुरानं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. तुला पण न्हाई. सव्वा वरस मी तिला मुकी म्हणत होतो, ती माझी लाज झाकत होती.

राजूरला पोचलो. गणपतीसमोर मी काही मागितलं न्हाई. मागण्यासारखं काही सुचलं न्हाई. परत येताना मी चतुराला म्हणलं, चुकलं माझं. ती म्हणाली, 'ठाऊक हाय.' एवढंच. मंग थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, 'तुमच्या डाव्या पायात काटा हाय, थांबा.' आणि वाटेत बसून काढला.

झोप लागली का, हे तू विचारणारच. न्हाई लागली. भाकरी मात्र खाल्ली, तिला चव होती. आणि मंग आम्ही दोघं बोलत बसलो ते कोंबडं आरवेपर्यंत. भोवऱ्याचं मला ठाऊकच नव्हतं. रामरावनं तिला शिकवला होता म्हणे, माझ्या चोरून.

तळव्यांना सात फोड हाईत. मोजले. पुढच्या चतुर्थीला परत जाणार, गोजरबाईचं तोंड बघावं लागलं तरी. तू पण ये. तुझे पाय काय सोन्याचे लागून गेलेत?

आणि एक. तुझ्या पत्रांत 'ती', 'ती' वाचून माझं डोकं उठलं. यापुढं असं लिहू नको. तिला नाव हाय. तूच बारशाला ठेवलं होतंस. सोनू. बघ, मी लिहिलं.

मच्छिंद्र.